सक्त हरकत

कारभारीला हरकत घ्यायची खोड होती. कुणाला तंबाखूची असते, कुणाला पत्त्यांची. ती परवडली, ती माणसं निदान आपल्या खर्चानं वाया जातात. हा गडी दुसऱ्याच्या कामात पाय घालून बसायचा. देवळाली प्रवराच्या त्या शिवारात कुणाचा बाप गेला, की तेराव्याचं जेवण जिरायच्या आत याचा अर्ज तलाठ्याकडं: वारसनोंदीला हरकत. वस्तीवर विजेची डीपी बसणार, हरकत. रस्त्यावर मुरूम पडणार, हरकत. मारुतीपुढं पत्र्याचं शेड होणार, तर त्यालाही हरकत, आणि शनिवारी त्याच मारुतीला तेल घालायला हाच पहिला.

त्याची बायको चांगुणा चौथी शिकलेली. पण हरकत म्हणजे काय, हे तिला त्याच्यापेक्षा बरं कळत होतं. माझं काहीतरी बिघडतंय, मला विचारल्याबिगर पुढं जाऊ नका, एवढं सरकारला सांगायचा माणसाचा हक्क. कारभारीचं कधीच काही बिघडत नव्हतं. त्याला इतकंच ठाऊक, की महसुलात एक कागद पडला की नोंद अडते, सुनावणी लागते, तोवर साहेब बदलतो, आणि समोरचा झक मारत दारात येतो. मग ओट्यावर चहा आणि 'कारभारी, तेवढं मागं घ्या' म्हणून गयावया. पैशाला हा शिवायचा नाही. खाल्ले असते तर चांगुणाला निदान उमजलं असतं, की माणूस एवढा खाली कशासाठी गेला. याला नुसती वाकलेली माणसं बघायची होती. तो चहा तिला करावा लागायचा, आणि लोक जाताना तिच्याकडं बघतही नसत.

त्यांची मुलगी मोनिका नगरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. तिथंच भिंगारच्या अवधूतशी तिचं जमलं. तो ब्राह्मणाचा, वडील शामकांत रिटायर मास्तर. दोघांनी नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं ठरवून अर्ज दिला. तिनं आईला सगळं फोनवर सांगितलं, बापाला अवाक्षर नाही. चांगुणानं त्या पोराला एकदा पाहिलं होतं. समोरच्याचं बोलणं पुरं होऊ द्यायचा. घरात असलं माणूस तिनं कधी पाहिलं नव्हतं. "कर बाई," एवढंच ती म्हणाली होती.

पण त्या लग्नाची नोटीस महिनाभर ऑफिसच्या बोर्डावर लागते आणि कुणालाही हरकत घेता येते. आता बोर्ड आणि कारभारी! लोक पेपर वाचतात तसा हा सरकारी बोर्ड वाचायचा. कसल्याशा सुनावणीच्या तारखेला नगरला गेला, रिकामा वेळ होता, म्हणून दिसेल त्या ऑफिसात शिरून बोर्ड वाचत सुटला. एका बोर्डावर पोटच्या पोरीचा फोटो.

घरी आला तेव्हा तो चिडलेला असता, रडला असता, तर चांगुणानं त्याला जवळ बसवलं असतं. बाप आहे, लागणारच. पण हा मेला खुशीत होता. जातीचं दोन वाक्यांत आटोपलं आणि पुढं सगळं हरकतीचंच पुराण. 'सदर विवाहास माझी सक्त हरकत आहे' असं नेहमीसारखं लिहून त्यानं अर्ज पुढं केला होता. तिथला क्लार्क म्हणाला, बाबा, इथं नुसती हरकत चालत नाही, कारण लागतं, आणि कारणंही कायद्यानं ठरवलेली. आधीचा नवरा किंवा बायको हयात आहे, वय भरत नाही, दोघं जवळच्या नात्यातली आहेत, नाहीतर डोकं ठिकाणावर नाही. जात त्यात बसत नाही. यानं बाहेरच्या बाकावर बसून विचार केला. वयाचा दाखला ते दाखवतील, नातं तर नाहीच. राहिलं डोकं. त्याला चौकशी लागेल, डॉक्टर लागेल, वरीसभर घोंगडं भिजत पडेल, आणि पोराकडचे पळून जातील.

"पोरीला येडी लिवलं तुमी?" चांगुणानं विचारलं.

"लिवन्यापुरतं गं. ते पळाले की मागं घिऊ."

इतकी वर्षं ती याला खोडकर समजत होती, कधी हलकट समजत होती. आज तिला कळलं, की याला काहीच कळत नाही. सातबाऱ्यावरची नोंद खोडता येते, पोरीच्या कपाळावरची खोडायची कशी, हा विचारही त्याच्या टाळक्यात आला नव्हता. वर साक्षीदार म्हणून त्यानं चांगुणाचंच नाव घातलं होतं. आईपेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार, म्हणे. ती काही बोलली नाही. बोलली असती तर त्यानं दुसरा साक्षीदार शोधला असता.

सुनावणीला विवाह अधिकारी म्हणून एक मॅडम होत्या. त्यांनी हरकत मोठ्यानं वाचून दाखवली. मुलगी एकटीच हसते, एकटीच बोलते, रात्री उठून फिरते, लहानपणापासून वेडसर आहे. मोनिकाला हरकतीचं ठाऊक होतं, पण तिच्यात कोणतं कारण लिहिलंय ते चांगुणाच्यानं फोनवर सांगवलं नव्हतं. ती आधी बापाकडं बघत राहिली, मग तिनं मान खाली घातली आणि ओढणीचं टोक मुठीत धरलं. अवधूतनं लगेच सांगितलं, की हे सगळं खोटं आहे. पण शेजारी बसलेले शामकांत मास्तर मांडीवरची पिशवी सारखी करत हळूच म्हणाले, "तसं काही असेल, तर आत्ताच कळलेलं बरं." शिकलेला माणूस! चांगुणाला त्याचीही कीव आली. पण मोनिकानं ते ऐकलं, आणि तिचा चेहरा पडला तो चांगुणाला बघवेना. म्हणजे कारभारीची हरकत लागू पडली होती. डॉक्टर यायच्या आधीच पडली होती.

कारभारी खुर्चीत मागं रेलून बसला होता.

मॅडमनी चांगुणाला पुढं बोलावलं. मुलीला कधी कुठं उपचारासाठी नेलं होतं का, विचारलं. न्हाई, ती म्हणाली. अर्जात लिहिलंय तसं कधी वागली का? न्हाई. रात्री उठून फिरायची ती बारावीच्या अभ्यासानं झोप यायची म्हणून. मॅडमनी ते क्लार्कला टाइप करायला लावलं आणि शेवटचं विचारलं, की घरात दुसरं कुणी डोक्यानं अधू आहे का.

चांगुणानं नवऱ्याकडं पाहिलं. तो मानेनं तिला 'हो' म्हणायला खुणावत होता. घराण्यातच आहे म्हटलं तर अजून बरं, असं त्याला वाटलं असावं.

"हाय एक," ती म्हणाली. "पर त्याचं लगीन माझ्याशी झालंय. तवा कुनी हरकत घेतली न्हाई."

क्लार्कचं टायपिंग थांबलं. अवधूतला हसू आवरेना, त्यानं तोंड फिरवलं. मास्तर पिशवीकडं बघत राहिले. मोनिका मात्र हसली नाही. तिनं मान वर केली आणि आईकडं बघितलं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. कारभारी उठला, काहीतरी कलम बोलायला लागला. मॅडम म्हणाल्या, बसा.

चांगुणाला वाटलं होतं, बोलल्यावर मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. चार लोकांत बोलली ते मस्करीचं नव्हतं, खरं होतं, आणि एकदाही हरकत न घेता तिनं त्या माणसाचा अख्खा संसार ओढला होता, हे तिला स्वतःच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकू आलं. तिला भयंकर राग आला, आणि तो सगळा त्याचाच नव्हता.

"हे जबाबात घ्यायचं का?" क्लार्कनं मॅडमना विचारलं.

मॅडम चांगुणाकडं बघत होत्या.

"घ्या," चांगुणा म्हणाली. "मी मागं घ्यायची न्हाई."