तोटी कोणाच्या हातात

"केमिस्ट्री शिकायला आलो का टायपिंग?" हिरामण शेजारच्या भाग्यश्रीच्या कानाशी पुटपुटला.

सन १९९९. नाशिकच्या एका कॉलेजात चपला बाहेर काढून बीएस्सीची मुलं संगणकांपुढे बसली होती. गायधनी सरांनी स्वतः प्रोग्रॅम लिहून प्रयोगशाळाच पडद्यावर आणली होती. वर ब्युरेट, म्हणजे तोटीची काचनळी, खाली आम्लाचा फ्लास्क. माऊसनं तोटी फिरवायची, अल्कली थेंबाथेंबानं सोडायची, फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं. एका संगणकापाशी एकानंच बसायचं, ही सरांची अट.

शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आलेली. बाहेरचे परीक्षक, प्रत्येकाचं टेबल वेगळं. भाग्यश्रीला पास होऊन कळवणच्या शाळेत शिकवायचं होतं. लॅबमध्ये ती हिरामणच्या जोडीला, रीडिंग लिहायची तीच; सुबक अक्षराचं, सगळ्यात देखणं जर्नलही तिचंच.

तिनं तोटी उघडली आणि अल्कली जास्त पडून फ्लास्क भडक गुलाबी झाला. 'पुन्हा करा,' पडद्यावर उमटलं. पुन्हा भडक.

"तोटी आवर गं, गोदेला पूर येईल," हिरामण हसला. तो गोदाकाठच्या सायखेड्याचा, पुराचं त्याला काय कौतुक!

सर रांगेतून फिरले. मुलांचे फ्लास्क फिकट, मुलींचे झाडून सगळे भडक. तीन वर्षं डोळ्यांसमोर असलेलं सरांना आज दिसलं.

"पडद्याला अक्षर कळत नाही बेटा, हात कळतो," ते भाग्यश्रीला म्हणाले. "न रागावणारा मास्तर मिळालाय. पोटभर चुकून घे."

ती चुकत राहिली. काच फुटली नाही, आम्ल सांडलं नाही, कुणी ओरडलं नाही. किती गुणाचं ते यंत्र! शेवटी बाळाच्या टाचेसारखा फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला. हिरामण बघतच राहिला.

"मुलींचेच फ्लास्क भडक का झाले? सांगेल कुणी?" सरांनी विचारलं.

मुलं पंख्याकडे बघू लागली. आपल्या घरी तरी वेगळं काय असतं? स्कूटर मुलगा चालवतो, किल्ली मुलगी शोधून देते, आणि वर आपणच म्हणतो, पोरींना गाडी जमत नाही. हातात दिल्याशिवाय हाताला कळावं कसं?

हिरामण उभा राहिला.

"सर, उद्या लॅबमधी रीडिंगं मी लिहितो. ब्युरेट हिच्याकडं. या पोरींना येत नाय असं नाय सर. आम्हीच कधी हात लावू दिला नाय."