खालच्या झाकणावरचा माणूस

आतल्या भिंतीचं भोक इतकं बारीक आहे, की कामावर येताना प्रत्येकाला उलगडून दोरा व्हावं लागतं. आमची भट्टी पेशीच्या पोटात आहे. तिला भिंती दोन, आणि घडलेला, हातापायांचा माणूस आतल्या भिंतीतून शिरत नाही. माझा जोडीदार भिवाजी अलीकडून टोक धरून ओढतो. दोन दोरे गुंतले तर गोळा होतो आणि तो सुटता सुटत नाही, म्हणून एकेकाला लगेच पिंपात सोडायचं. मी झाकण लावतो आणि वर बसतो.

पिंप कुणाला काही शिकवत नाही. आतला माणूस आपला आपण घडतो. आम्ही फक्त इतरांना लांब ठेवतो. झाकण काढलं की तो हातपाय घेऊन बाहेर येतो आणि भट्टीकडे जातो.

या पिंपाच्या खाली जमीन नाही, दुसरं पिंप आहे, पाठीला पाठ लावून. त्यालाही झाकण आहे म्हणे. त्यावर बसणारा उलटा बसत असणार. तो कोण, हे विचारलं की भिवाजीला एकदम खोकला येतो.

सोमवारी माझी बायको शालन पिंपातून बाहेर आली आणि उतरताना तिने माझ्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. रोज डाव्या खांद्यावर ठेवते. मी त्या खांद्याकडे बघतच राहिलो.

कोपऱ्यात लोखंडेबाई कात्री घेऊन बसतात. चुकीचा घडलेला माणूस त्या कापतात. तुकडे पुन्हा कामी येतात. त्यांनी मान वर केली.

"काही शंका?"

"छे," मी म्हणालो.

जेवणाच्या सुट्टीत मी शालनला आडवळणाने विचारलं, "आमटीत आज काय घातलंस?"

"आमसूल. रोज घालते तेच. अहो, असं काय बघताय?"

उत्तर बरोबर होतं. इतकं पटकन बरोबर आलं, की माझा संशय वाढलाच. ती हात धुवायला गेली तेव्हा मी पिंपात डोकं घातलं.

"खाली कोण आहे?"

"झाकणवाला." आवाज माझाच होता, जरा दमलेला.

"तुमच्याकडे आज शालन आली का?"

"आली. पण हात डाव्या खांद्यावर ठेवला. माझी उजव्यावर ठेवते."

मला इतका आनंद झाला, की मी हसलोच. "अहो, मग ही नुसती अदलाबदल झालीय! माझी वर पाठवा, तुमची खाली सोडतो."



"मी आमच्या कात्रीवाल्या बाईंना सांगितलं," तो म्हणाला. "शंका आहे म्हणून. तुम्ही नाही सांगितलं?"

मला रडू आवरेना.

"माझी तरी परत द्या," तो म्हणाला.

मी झाकण लावलं आणि वर बसलो. शालन पदराला हात पुसत आली. तेवढ्यात झाकण खालून हललं. खालचा झाकणवाला उलगडून वर निघाला होता; फटीतून दोऱ्याचं टोक बाहेर आलं आणि इकडेतिकडे चाचपू लागलं. मी सगळा भार टाकला, तरी झाकण उचललं जात होतं.

शालनने त्या टोकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग पदर खोचून ती झाकणावर माझ्या शेजारी येऊन बसली.