दहावा शब्द

भर दुपारी बारा वाजता हन्ना पेणहून रोह्याला आली आणि सॉलोमनच्या दारात उभी राहिली, तेव्हाच त्याने ओळखलं की आज आपली सुटका नाही. गेल्या आठ वर्षांत ती या घराची पायरी चढली नव्हती. नवऱ्याला जाऊन महिना होत आलेली बाई काही हवापालट म्हणून एस.टी.ने फिरत नाही.

“बसा, वहिनी. पाणी आणतो.”

“पाणी नको, भावोजी. नऊच हायत.”

एवढंच ती बोलली, आणि तेवढं पुरे होतं. बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, घरात नऊ म्हणजे काय हे शेंबडं पोरही जाणतं. मेलेल्या माणसासाठी म्हणायची कद्दिशची प्रार्थना दहा पुरुष जमल्याशिवाय म्हणता येत नाही. एकेकाळी पेणच्या मशिदीत (ही मंडळी आपल्या प्रार्थनालयाला मशीदच म्हणतात) सणाला उशिरा येणाऱ्याला पाय ठेवायला जागा नसे. मग घरामागून घर इस्रायलला गेलं. आता एकोणीसशे शहाण्णव साली दहा माणसं गोळा करायची तर अलिबाग, रेवदंडा, पनवेल, ठाणे असा सगळीकडे निरोप धाडावा लागे.

“पनवेलचे काका तापानं फणफणलेत,” हन्ना म्हणाली. “सकाळी फोन आला. नथानियलची गाडी आज पाचला निघते, रात्री त्याचं इस्रायलचं विमान हाय. बापाला माती द्यायला पोर पोचला नाय. आज तिसावा दिवस.”

“तिकडे त्याला दहा काय, दहा हजार माणसं मिळतील.”

“मिळतील. पण सायमननं माझ्याकडून शब्द घेतलेला. एकदा तरी आपल्या मशिदीत, पोराच्या तोंडून. मी व्हय म्हटलेलं.”

 सायमन म्हणजे त्याच्या बायकोचा, रेचलचा भाऊ. तीस वर्षं पेणला प्रार्थना चालवायचा. सणावारी सॉलोमन रोह्याहून जाई आणि सायमनच्या उजव्या हाताला उभा राही. ती त्याची ठरलेली जागा. सायमनने म्हणायला सुरुवात केली की त्याच्या डोळ्यांना धारा लागत, आणि बायाबापड्या म्हणत, याच्याशी देव बोलतो.

आठ वर्षांपूर्वी रेचल गेली. तिच्या तिसाव्या दिवशी सॉलोमन त्याच जागी उभा होता. शेजारी भाऊ बहिणीसाठी रडत रडत म्हणत होता, आणि नवरा मात्र ठणठणीत कोरडा. सॉलोमनने स्वतःच्या आत शोधून पाहिलं. देव नव्हता, रेचल नव्हती, दुःखसुद्धा नव्हतं. त्या दिवसापासून त्याने पेण सोडलं. महिन्यापूर्वी सायमनच्या दफनालाही तो गेला, पण कबरस्तानाच्या भिंतीबाहेरच उभा राहिला. लोक म्हणत, दोघांचं जमिनीवरून फाटलं. लोकांना काय, काहीतरी कारण लागतंच.

एवढ्यावरून कुणी जन्माचा संबंध तोडतं का, असं सॉलोमनला न ओळखणाऱ्यानेच विचारावं. धाटावच्या कंपनीत एकतीस वर्षं तो बॉयलरवर होता. काटा दाखवील तोच आकडा लिहायचा, मग साहेबाने डोळे वटारले तरी बेहत्तर. अशा माणसाने आतला काटा शून्यावर असताना ‘आमेन’ म्हणायचं कसं?

“वहिनी, मला धरू नका,” तो म्हणाला. “माझ्या आत काय नाय. रिकामा माणूस दहावा म्हणून उभा केलात तर ती सायमनची फसवणूक होईल.”

“ते मशिदीत येऊन सांगा. इथं सांगून मला एकटीला परत पाठवू नका.”

माणूस आपल्या तत्त्वाला चिकटून बसतो, पण दारात उभ्या असलेल्या विधवेसमोर फार वेळ नाही. सॉलोमनने खुंटीवरची टोपी घेतली.

एक वाजता निघालेली एस.टी. नागोठण्यापर्यंत सुरळीत आली आणि वडखळच्या अलीकडे थांबली ती थांबलीच. नाक्यावर ट्रक आडवा झाला होता. अडीच वाजले, तीन वाजले. मशिदीत साडेतीनला सुरुवात करायची ठरली होती. हन्ना पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत बसली होती. बाजूला सॉलोमन घामाने निथळत होता, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात त्या ट्रकला दुवा देत होता. पाच वाजेपर्यंत असंच राहू दे, म्हणजे नाही म्हणायचं पाप आपल्या माथी येणार नाही. हा विचार आला आणि त्याची त्यालाच शरम वाटली.

“उतरा,” हन्ना एकदम म्हणाली.

“पेण इथून लांब आहे, वहिनी.”

“नाक्यापलीकडं रिक्षा मिळंल. उतरा.”

साठीची ती बाई ट्रकांच्या रांगेतून अशी चालत सुटली की सॉलोमनला तिला गाठताना धाप लागली. नाक्यापलीकडे सहा आसनी रिक्षा मिळाली. मशिदीच्या फाटकाशी पोचले तेव्हा सव्वाचार झाले होते आणि बाहेर नथानियलची गाडी सामान भरून तयार होती.

चौकटीवरच्या मेझुझाकडे, देववचन ठेवलेल्या त्या डबीकडे, सॉलोमनचा हात आपसूक गेला. बोटं ओठांना लावल्यावर त्याच्या ध्यानात आलं, आणि चोरी पकडल्यासारखा तो ओशाळला.

आत नऊ पुरुष उभे होते.  नथानियलने नुसतं पाहिलं. हुबेहूब बापाचे डोळे. अलिबागचे म्हातारे पुढे झाले. माणसं आकड्यांनी मोजायची नाहीत असा रिवाज आहे. दहा शब्दांचं एक वचन म्हणायचं, माणसागणिक एक शब्द. म्हातारे बोटाने एकेकाकडे खूण करत सावकाश म्हणू लागले. नववा शब्द नथानियलवर आला. दहाव्या शब्दासाठी बोट सॉलोमनकडे वळलं.

“थांबा,” सॉलोमन म्हणाला. “मला नका मोजू.”

आणि तो बाहेर ओटीवर निघून आला.  आत कुजबुज सुरू झाली. साडेचार वाजत आले होते.

हन्ना त्याच्या मागोमाग आली. ती चिडेल, रडेल, असं त्याला वाटलं होतं. पण ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. मेलेल्याचं गुपित फोडावं की नाही, हे ती बहुधा महिनाभर ठरवत होती.

“सायमनच्याबी आत काय नव्हतं,” ती म्हणाली.

सॉलोमनला वाटलं, समजूत घालायला काहीतरी बोलते आहे.

“वहिनी, मी त्याच्या बाजूला उभा असायचो. त्याचे डोळे मी पाहिलेत.”

“डोळे पाहिलेत. तो रडायचा कशासाठी, ते पाहिलंत? घरी येऊन मला सांगायचा, हन्ना, आजपण कोणी बोललं नाय गो. मी हाका मारतो आणि पलीकडं कोणच नाय. त्याच्यासाठी रडायचा. वीस वर्षं.”

“मग चालवायचा कशाला?”

“तुमच्यासाठी.”

“माझ्यासाठी?”

“म्हणायचा, माझ्या उजव्या हाताला सॉलोमन उभा असतो. डोळ्यांत टिपूस नाय, चेहरा हलत नाय. त्याचं आत पक्कं हाय, म्हणून त्याला रडायला लागत नाय. त्याच्या आधारानं मी रेटतो.” हन्नाने आतल्या त्या जागेकडे बोट केलं. “तुमी यायचे बंद झालात, भावोजी. आठ वर्षं त्यानं ती जागा कोणाला दिली नाय.”

दारात नथानियल उभा होता. त्याने किती ऐकलं कोण जाणे, पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता.  इतकी वर्षं त्याने एका माणसाचा काटा बाहेरून वाचला होता, आणि तोही चुकीचा. बॉयलरवर कुणी असं केलं असतं तर त्याने त्याला उभं राहू दिलं नसतं.

“काका,” नथानियल म्हणाला, “मला पण काय होत नाय आत. या.”

सॉलोमन आत गेला. उजवीकडची जागा रिकामी होती. तो तिथे जाऊन उभा राहिला. म्हाताऱ्यांनी पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरुवात केली, आणि दहावा शब्द त्याच्यावर आला तेव्हा तो हलला नाही.

नथानियल अडखळत कद्दिश म्हणू लागला. सॉलोमनने आत पाहिलं. काटा होता तिथेच होता, शून्यावर. ‘आमेन’ची वेळ आली, तेव्हा दहा जणांत सगळ्यांत मोठा आवाज त्याचा होता.