डोंगरावर चाकू कशाला

डोंगरावर जाणाऱ्याने चाकू बाळगावा की नाही, या वादात आमच्या घरातली दोन ताटं, एक आरसा आणि माझ्या भावाचा एक दात गेला होता. आता भाऊच गेला.

माझा नवरा कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. मी तिथेच शिलाईला. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, म्हणून घरी मीही मास्तरच म्हणते. नमुन्याचं कापड ते डाव्या हाताने ताणून धरतात आणि खडूच्या रेषेवरून पातं असं नेतात की अर्धी रेषा या तुकड्यावर राहते, अर्धी त्या. हाताखालच्या पोरांना त्यांचं एकच सांगणं असतं, की पातं एकदा चाललं की मध्ये थांबायचं नाही, थांबलात की काठ बिघडला. असा हा नेटका माणूस दर रविवारी कमरेला वीतभर पात्याचा चाकू लटकवून डोंगरावर निघायचा.

माझा धाकटा भाऊ बारक्या. नाव बारक्या आणि अंग दाराएवढं. तो गॅरेजात गाड्या दुरुस्त करायचा. डोंगराचं वेड आम्हाला त्यानेच लावलं, आणि दाजींच्या चाकूची टर उडवणंही त्याचंच. वाघ समोर आला तर दाजी काय करणार, त्याचं माप घेणार का, असं सगळ्यांसमोर विचारून तो खो खो हसायचा. मास्तर म्हणायचे, वेळ काही सांगून येत नाही, चाकू जन्मात एकदाच लागेल पण लागेल तेव्हा सगळे हात पसरून माझ्याकडेच याल. त्यावर बारक्या म्हणायचा, दोरीच्या खेळात चाकू म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. माकड म्हटलं की मास्तरांचा हात सुटायचा. दात तेव्हाच पडला.

त्या रविवारी आम्ही आठ-दहा जण कड्याच्या माथ्यावर होतो. तिथून दोरीवरून खाली उतरायचं होतं. आमचे म्होरके दोरकाका दोऱ्या बांधत होते, तोवर आम्ही पाव खायला बसलो. पाव कापायला मास्तरांनी चाकू काढला. बारक्याने तो त्यांच्या हातातून हिसकला आणि गंमत म्हणून समोरच्या झाडावर फेकला. तो झाडाला लागलाच नाही, खडकावर आपटला आणि त्याचं टोक मोडलं.

मास्तरांनी उठून त्याच्या कानाखाली जाळ काढला. बारक्याने उलट ठोसा मारला तो त्यांच्या तोंडावर बसला आणि ओठ फाटून रक्त हनुवटीवर आलं. मग दोघं एकमेकांच्या अंगावर पडले, लोळत लोळत कड्याच्या दिशेने निघाले. मला असल्या वेळी गोड बोलायला जमत नाही. मी पाण्याची स्टीलची बाटली घेतली आणि दिसेल त्या पाठीत घातली. दोरकाका म्हणाले, घरची भांडणं घरी करा, इथे दोघं पडलात तर उचलायला माणसं पुरायची नाहीत. मास्तरांनी रक्त थुंकलं, चाकू शोधून आणला, पुसला आणि कमरेला लावला.

उतरायला बारक्या पहिला गेला. खरं तर प्रत्येकाला मुख्य दोरीसोबत आधाराची दुसरी दोरी लावायला हवी. पण जुन्या भिडूंना ती लागत नाही, असा आमच्यात माज होता. बारक्या एकाच दोरीवर गेला, आणि थोडं खाली जाताच अडकला. पोटाशी जी लोखंडी कडी असते, जिच्यातून दोरी सरकते, तिच्यात त्याचा सैल टी-शर्ट ओढला गेला होता. आता त्याला ना वर येता येत होतं ना खाली जाता येत होतं. खाली चार मजल्यांइतकी पोकळी आणि मग दगड.

गळ्याशी कापड आवळलं होतं, पण आवाज खणखणीत होता. टी-शर्टला, तो बनवणाऱ्या कंपनीला आणि दोरकाकांना तो आळीपाळीने शिव्या घालत होता. मला थोडं हसूही आलं. दोरकाका म्हणाले, घाबरायचं कारण नाही, दुसरी दोरी सोडतो, तिच्यात पाय अडकवून तो उभा राहिला की वजन उतरेल आणि कापड ओढून काढता येईल. त्यांनी दोरी पक्की बांधली आणि तिचं खालचं टोक फास करून सोडणार, एवढ्यात मास्तर पुढे झाले. त्यांनी ती दोरी आपल्याच कडीत घातली आणि ते कड्यावरून उतरले. दोरकाका थांबा थांबा म्हणून ओरडले. मीही ओरडले.

मी काठावर पालथी पडून बघत होते. मास्तर त्याच्या बाजूला पोचले. बारक्या म्हणाला, "दाजी, चाकू नको. दोरीला पाय लावू दे फक्त." मास्तरांनी डाव्या हाताने टी-शर्ट धरला, ताणला आणि पातं ओढलं. कापड तुटलं. त्याच्या मागे बारक्याच्या वजनाने तट्ट ताणलेली दोरी होती. तसल्या दोरीला धार नुसती टेकली तरी पुरते. बारक्याने माझ्याकडे वर बघितलं आणि तो गेला. आपटल्याचा आवाज दोनदा आला.

मी बाजूच्या पायवाटेने खाली पळाले. गुडघे, तळवे सोलून निघाले. त्याचं डोकं मांडीवर घेतलं तर मागची बाजू हाताला मऊ लागली. तोंडातून फेसाळ रक्त येत होतं, तेही थोड्या वेळाने थांबलं. मी त्याला हाका मारत राहिले.

मास्तर खाली आले तेव्हा लोक म्हणत होते, हात घसरला, अपघात झाला. पण ज्या हाताने कधी खडूची रेषा सोडली नाही, तो हात कसा घसरेल? त्यांनी सकाळच्या ठोशाचा सूड घेतला असं वाटून मी, पडताना निघालेलं बारक्याचं हेल्मेट उचललं आणि मास्तरांच्या तोंडावर मारलं. सकाळचा ओठ पुन्हा फुटला. मी पुन्हा मारलं, नाकाचं हाड मोडल्याचं मला कळलं, तरी मारलं. आयुष्यभर ज्यांना अहो म्हटलं त्यांना मी अरेतुरे करत होते. त्यांनी हात वर केला नाही.

"तू मारलंस त्याला. तुझा हात घसरत नाही."

"नाही घसरला," ते म्हणाले. "मी थांबवला नाही. कापड कापतो तसंच कापलं गं. दोरी दिसत होती मला, पण पातं चाललं होतं."

"तो गुदमरत होता?"

"नाही."

"मग काकांची दोरी का घेतलीस? का थांबला नाहीस?"

ते बारक्याच्या पायाशी बसले. मग म्हणाले, "इतकी वर्षं चाकू बाळगला. एकदा तरी उपयोगी पडावा असं वाटलं."

माझ्या हातातलं हेल्मेट गळून पडलं. सूड असता तर मला पुढचं सगळं ठाऊक होतं. त्यांना तुरुंगात पाठवलं असतं, जन्मभर शिव्याशाप दिले असते आणि त्यात माझा जन्म निघून गेला असता. पण हा माणूस बारक्याच्या पायाशी बसून त्याच्या बुटाची सुटलेली नाडी बांधत होता, आणि तो रडत होता तेही खरं होतं.

पोलीस आले. मारामारीचं त्यांना कुणीतरी आधीच सांगितलं होतं. साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की तुमच्या नवऱ्याच्या मनात भावाबद्दल राग होता का, नीट आठवून सांगा.

"राग नव्हता, साहेब," मी म्हणाले. "हौस होती."

साहेबांनी ते लिहून घेतलं नाही.