इन्व्हर्टरला पेलेल तेवढंच

आमच्या घरात हाक मारल्याशिवाय कोणी बटण दाबत नाही. इबादान शहरात इन्व्हर्टरवर दिवस काढणाऱ्या सगळ्याच घरांत ही रीत आहे. इस्त्री लावायची तर आधी ओरडायचं, "इस्त्री लावतेय!" मग आतून कोणीतरी फ्रीज बंद करतं आणि म्हणतं, "लाव!" न ओरडता लावली की इन्व्हर्टर कोकलतो, घर अंधारात बसतं आणि माझं तोंड सुटतं. माझं तोंड सुटलं की गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प होतात, असं आमचे हे म्हणतात. हल्ली एवढं एक वाक्य पुरं करायला त्यांना मध्ये दोनदा थांबावं लागतं.

हे रेडिओवर फुटबॉलची कॉमेंट्री करायचे, आमच्या योरुबा भाषेत. मैदानात बसलेली माणसंसुद्धा कानाला रेडिओ लावायची, कारण डोळ्यांनी दिसतं त्यापेक्षा ह्यांच्या तोंडून खेळ जास्त रंगायचा. मी कापडाच्या दुकानात बसलेली असायचे आणि गिऱ्हाईक माप सोडून रेडिओकडे कान लावायचं. त्या आवाजाशीच मी लग्न केलं, खोटं कशाला बोलू. आता फुप्फुसं कडक झालीत. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन आहे, लहान फ्रीजएवढं, आणि ते दळणाच्या गिरणीसारखं घरघरतं. आधी ते फक्त रात्री लागायचं. ह्या वर्षी संध्याकाळपासूनच लागायला लागलं.

डॉक्टरांनी मला आणि मुलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "श्वास कमी पडला की प्रत्येक वेळी हृदय थोडं झिजतं. झिजलेलं भरून येत नाही. मशीन चुकवू देऊ नका." मी मान डोलावली. तेव्हापासून ती घरघर ऐकू आली की मला झोप लागते.

आमचा मुलगा फोलारिन. हिशेबाची पदवी घेतली, नोकरी कुठे मिळेना, म्हणून कॉम्प्युटरवर फुटबॉल खेळत बसायचा. मी काय कमी बोलले? "घोड्या, ह्या वयात तुझे बाबा घर चालवत होते." पण मग तो खेळता खेळता बोलायला लागला. योरुबात, थेट लोकांना ऐकवत. आधी मित्र ऐकायचे, मग आमची गल्ली, मग लंडनला भांडी घासणारी आमची माणसं. भिंतीपलीकडे पलंगावर पडल्या पडल्या हे ऐकायचे आणि नंतर त्याला बोलावून घ्यायचे.

"खेळाडूचं नाव आधी घेऊ नको," हे म्हणायचे. "आधी चेंडू कुठे आहे ते सांग. आंधळा माणूस ऐकतोय असं धर."

"हो बाबा."

"आणि घाई कसली एवढी? मागे वाघ लागलाय का?"

एरवी खिमट भरवायला गेले की तोंड फिरवणारा माणूस, तेवढ्यापुरता उठून बसायचा. हे माझ्या डोळ्यांनी मी बघत होते, म्हणून मग मी फोलारिनला टोचून बोलायचं सोडलं.

पण कॉम्प्युटर अडायचा. ऐन वेळी चित्र गोठायचं, आणि चित्र गोठलं की फोलारिनचीही जीभ गोठायची. भरात आलेलं वाक्य मध्येच तुटायचं, ऐकणारे निघून जायचे. भिंतीच्या ह्या बाजूला हे डोळे मिटून घ्यायचे, कोणी चिमटा काढल्यासारखे.

एक दिवस डुग्बेच्या बाजारात सिकिरूच्या दुकानात गेलो, मी आणि फोलारिन. सिकिरू कॉम्प्युटरचे सुटे भाग विकतो, आणि माल खपवायचा म्हणून खोटं बोलत नाही, एवढं त्याचं मानायला हवं.

"आई, समजा ह्याच्या डब्यात सहा आचारी आहेत," तो मला म्हणाला. "नुसता खेळ शिजवायचा तर सहा भरपूर. बारा ठेवले तर निम्मे हात बांधून उभे राहतील. नुसतं खेळायला म्हणून जास्त कोअरचा, म्हणजे जास्त आचाऱ्यांचा, प्रोसेसर घ्यायला आला असता तर मी ह्याला घरी पाठवला असता."

"पण मी खेळतो, तेच चित्र लोकांना पाठवतो आणि वर बोलतोसुद्धा," फोलारिन म्हणाला.

"म्हणून तर तुला बारा लागतील. तीन पंगती एकदम उठवायच्यात." मग त्यानं मान खाजवली. "पण बारा आचारी खातातही तसेच. करंट जास्त ओढेल. घरी काय काय चालतं इन्व्हर्टरवर?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि काही न घेता घरी आलो. आधीच इन्व्हर्टर काठोकाठ चालायचा, ह्यांचं मशीन आणि हा कॉम्प्युटर, बस्स. फोलारिननं सरळ सांगितलं, "बाबा, नको. दोन्ही पेलणार नाही."

"घे," हे म्हणाले.

"अहो, ऐकलंत का तो काय म्हणाला ते?" मी म्हटलं. "तुमचं मशीन बंद पडेल."

"तू गप. मी त्याच्याशी बोलतोय." श्वास घेतला. "रडतखडत कॉमेंट्री... मला ऐकवत नाही. घे."

बापानं दोनदा सांगितलं की आमच्याकडे मुलगा तिसऱ्यांदा वाद घालत नाही. फोलारिननं खाली वाकून कपाळ जमिनीला लावलं आणि स्वतःच अट घातली: बाहेरची लाईट असेल तेव्हाच नवा प्रोसेसर चालवायचा. लाईट गेली, इन्व्हर्टरवर आलो, की कॉम्प्युटर बंद. मला पटलं नव्हतं, तरी मी हो म्हटलं.

प्रोसेसर आला आणि पोराचा आवाज मोकळा झाला. खरं सांगते, मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण स्वयंपाकघरात माझा हात थांबायचा. तोच चढ, तोच उतार. शेजारीण विचारायची, "काय गं, साहेब बरे झाले की काय?"

मग ती संध्याकाळ. दुकान बंद करून मी येत होते तर सगळी गल्ली काळोखात, जनरेटर धडधडताहेत. आमच्या घरात दिवा होता. दारातच फोलारिनचा आवाज ऐकू आला, एकदम रंगात. म्हणजे कॉम्प्युटर चालू. मला राग आला, आणि मग लक्षात आलं की घरघर नाहीये.

पिशवी कुठे टाकली, आठवत नाही. हे पलंगाच्या कडेवर बसले होते, भिंतीला कान लावून. नळी नाकातून काढून मांडीवर ठेवलेली. ओठ जांभळट, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. मी बटणाकडे धावले तर माझं मनगट धरलं. त्या हातात जोर कुठला, तरी धरलं.

"थांब," म्हणाले. "पेनल्टी आहे."

मी बटण दाबलं. इन्व्हर्टर कोकलला आणि सगळं गेलं. दिवा, मशीन, पलीकडचा आवाज.

फोलारिन धडपडत आला. अंधारात कॉम्प्युटरची वायर उपटली, इन्व्हर्टर पुन्हा चालू केला, मशीन घरघरायला लागलं. मी नळी लावली. मग मुलगा पलंगाशी बसून रडायला लागला, सव्वीस वर्षांचा मुलगा.

"मी हाक मारली होती, आई. लाईट गेली तेव्हा ओरडलो, बंद करतो म्हणून. बाबा म्हणाले, डॉक्टरांनी संध्याकाळचं कमी करायला सांगितलंय. चालू ठेव, म्हणाले. लाव, म्हणाले."

"आणि तू लावलंस? उठून बघायला पाय मोडले होते?"

पण मी तरी कधी उठून बघितलं होतं? आतून 'लाव' आलं की लावायचं, हेच आम्ही सगळे करत आलो. हे आमच्या दोघांकडेही न बघता भिंतीकडे तोंड करून पडले.

दुसऱ्या दिवशी प्रोसेसर काढून सिकिरूकडे परत गेला. कुरकुरत का होईना, त्यानं ठेवून घेतला. जुना बसवला. पुन्हा चित्र गोठायला लागलं, पुन्हा वाक्यं तुटायला लागली. हे कोणाशी बोलेनात. त्याला सूचना नाहीत, मला टोमणे नाहीत. मी मात्र निर्धास्त होते. आता दोन्ही गोष्टी इन्व्हर्टरवर बसत होत्या, मशीन चालत होतं, ह्यांना मशीन बंद करायचं कारणच उरलं नव्हतं. रुसले तर रुसू देत, जिवंत तर आहेत, असं मी मनाला सांगायचे.

मग एकदा मी मागच्या अंगणात चुलीवर जेवणाच्या आमालासाठी कंदाचं पीठ ढवळत होते. बाहेरची लाईट होती, इन्व्हर्टरचा प्रश्नच नव्हता. फोलारिन आत खेळत होता. आणि घरघर थांबली.

मी धावले नाही. का, ते मला अजून सांगता येत नाही. हात पुसून आत गेले. हे तसेच बसले होते, भिंतीला कान लावून.

"अहो, लाईट आहे," मी म्हटलं. "इन्व्हर्टर नाहीये, काही नाही. मशीन का बंद केलंत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा.

"ह्या घरघरीत तो ऐकू येत नाही," म्हणाले.

मी तिथेच पलंगावर बसले. म्हणजे करंटचा प्रश्न कधी नव्हताच. कोअर सहा की बारा, मशीन पेलेल की नाही, आम्ही दोघं मायलेक डोकं फोडून घेत होतो, आणि ह्या माणसाला नुसतं ऐकायचं होतं. मी जे रात्रंदिवस चालू ठेवत होते, त्यानं ह्यांच्या कानांवर पोतं टाकल्यासारखं झालं होतं. आणि मी त्या आवाजावर गाढ झोपत होते.

"डॉक्टर काय म्हणाले ते माहीत आहे ना तुम्हाला?" मी विचारलं.

"मला आधी सांगितलं... मग तुला."

"मग?"

"मग काय. तू हिशेब कर." थांबले. श्वास गोळा केला. "तुझ्या मशीनवर महिने आहेत. ते मी भिंतीकडे बघत... काढायचे का?"

मला खूप राग आला. मला टाकून जायला निघालेल्या माणसाचा यावा तसा राग. मी रडले, आणि रडताना माझा हात बटणावर होता, हे मला ठाऊक होतं. पलीकडे फोलारिन डाव्या बाजूनं चेंडू घेऊन निघाला होता. आधी चेंडू कुठे आहे ते सांगत होता. मी बटण दाबलं नाही. पहिला हाफ संपेपर्यंत आम्ही दोघं भिंतीला कान लावून बसलो. मध्ये दोनदा चित्र गोठलं आणि दोनदा ह्यांनी डोळे मिटले. हाफ संपला तेव्हा त्यांनी स्वतःच नळी नाकाला लावली आणि मला खुणेनं सांगितलं, चालू कर. दुसऱ्या हाफला मीच बंद केलं.

फोलारिनला मी काही सांगितलं नाही. कळलं तर तो खेळणंच सोडेल, आणि मग सगळंच गेलं.

सकाळी दुकान उघडायच्या आधी मी एकटीच डुग्बेला गेले. सिकिरू शटर वर करत होता. मला बघून त्यानं हात जोडले.

"तो बारावाला आहे का अजून?" मी विचारलं.

"आहे की. पण आई, परत केला होतात ना? घरात ते ऑक्सिजनचं मशीन आहे, फोलारिन सांगत होता. आता दोन्ही पेलतील का?"

"एका वेळी एकच चालणार आहे," मी म्हटलं. "बांधून दे."