भुवईवरचे टाके

लुकांग गावच्या बाजारगल्लीत बीखिमचं केस कापायचं दुकान होतं. तिचा राग सगळ्या गल्लीला ठाऊक होता. ‘मन मात्र साफ आहे हो बाईचं,’ असं गिऱ्हाइकं म्हणत, आणि बीखिमलाही ते पटलेलं होतं.

ज्योयुन शाळा सोडून तिच्या हाताखाली आली आणि तिथेच मोठी झाली. त्या सकाळी लिनबाईंच्या डोक्याला साबण चोळता चोळता ती म्हणाली, “ताई, पुढच्या महिन्यापासून मी नाही येणार. ताइचुंगला स्वतःचं दुकान टाकतेय.”

‘छान केलंस’ म्हणायला बीखिमने तोंड उघडलं, पण शब्द फुटायच्या आत हातातला ड्रायर तिच्याकडे भिरकावला गेला होता. ज्योयुनची भुवई फाटली.

“अगं, काय केलंस हे!” लिनबाई फेसाळल्या डोक्यानेच उठल्या.

ज्योयुन रडली नाही. तिने टॉवेल दाबून धरला. चावऱ्या कुत्र्याजवळून जाताना माणूस अंग चोरतो, तशी अंग चोरून ती बाहेर पडली.

संध्याकाळी बीखिमने अपशकुन टळायला करतात तशा, डुकराचे पाय घातलेल्या शेवया शिजवल्या आणि पातेलं घेऊन ती ज्योयुनच्या घरी गेली. दार आईने उघडलं. आत या, म्हणाली नाही. मागून ज्योयुन आली. भुवईवर टाके होते.

“ताई, मी काय चुकीचं बोलले?”

“काही नाही गं.”

“मग राग कसला आला?”

“राग नव्हता तो.” बीखिमची मान वर होईना. “तू चाललीस म्हणून पोटात खड्डा पडला. मला ते सांगता येत नाही. हात आधी उठतो.”

“मागे कात्री फेकलीत, तेव्हाही हसून म्हणालात, मनावर घेऊ नकोस. मी घेतलं होतं मनावर.”

बीखिमला ती कात्री आठवतसुद्धा नव्हती. आपण विसरत गेलो आणि ही पोर सगळं साठवत गेली, हे तिला उंबऱ्याबाहेर उभं असताना कळलं.

“येशील का परत? महिनाभर तरी?”

“नाही, ताई. शेवया मात्र खाईन.”

आईने पातेलं आत नेलं. नळाचा आवाज आला. धुऊन पुसलेलं पातेलं तिने लगेच बीखिमच्या हातात दिलं.

“पातेल्यासाठी तुम्हाला पुन्हा यायला नको,” ती हळूच म्हणाली आणि दार लावून घेतलं.