शेळी शुद्ध, बाबा पापी

काष्टीचा बाजार करून आलेली माणसं पिशव्यांसकट आमच्या वाडीच्या पारावर खोळंबली होती. सूर्यभानबाबाने ग्लासात निम्म्यापर्यंत पिवळं तीर्थ भरलं, चमचा पालथा धरला आणि त्यावरून काळं तीर्थ सोडलं. काळं वरच राहिलं! खाली सोनं, वर काजळ.

"पाप वर तरंगलं, पुन्य खाली ऱ्हायलं! आप्पासाहेब पाटील शुद्ध!" बाबा गरजला. "ज्याचं मिसळंल त्यानं दिस मावळायच्या आत गाव सोडायचं!"

पुढचा कौल माझ्या चांगुणाआत्याचा. तिचं सगळं मिसळलं. मिसळणारच! "बाबाला कोंबडं दिल्यावर आटलेल्या विहिरीला पानी येतं व्हय?" असं तिनं चारचौघांत विचारलं होतं ना!

त्या दिवसापासून आत्या गावाबाहेर, खळ्यावरच्या छपरात. विहिरीवर तिची घागर कुणी टेकू देईना. मी दातओठ खाल्ले. याला नुसतं पकडायचं नाही. याच पारावर, याच ग्लासानं!

बाबाची खोली झाडायची पाळी आम्हा शाळेतल्या मुलींवर असायची. खाटेखाली लेबलं खरवडलेल्या बाटल्या. पिवळ्या एकाच जातीच्या, काळ्या मात्र दोन जातींच्या: काहींच्या गळ्यात लाल दोरा, काहींच्या काळा. फेकायला दिलेल्या बाटल्यांतला तळ मी गोळा केला आणि नववीच्या विज्ञानाच्या तासाला पाण्याचा जडपणा मोजायला केलेला बोरू त्यात सोडला. बुडाला मेण, मेणात खिळा. लाल दोऱ्यावालीत बोरू पिवळ्यापेक्षा खोल गेला, म्हणजे ती हलकी. काळ्या दोऱ्यावालीत तो वर उचलला गेला, ती जड. बोटाला साखरेसारखी चिकटली.

आमच्या विज्ञानाच्या गोरक्षनाथ सरांनी वास घेतला. "अगं, ही तर बिअर! काळीही मिळते. नगरहून आणत असणार."

खाटेखालच्या भरलेल्या काळ्या बाटल्यांच्या दोऱ्यांची मी अदलाबदल करून टाकली.

पुढच्या शनिवारी पाटील ऐटीत पुढे आले. बाबाने लाल दोऱ्याची बाटली उघडली. काळं सरळ खाली घसरलं. ग्लासभर गढूळ!

"आरं, म्या काय केलं?" पाटलांचा आवाज चिरकला.

"बाबा, आता तुमचा कौल लावा की!" मी ओरडले.

"व्हय, लावा! भ्या वाटतंय का?" आमच्या शेजारची गोजरबाई मागून म्हणाली.

बाबाने घाईघाईनं दुसरी लाल दोऱ्याची घेतली. तीही गढूळ! मग मी पारावर उडी मारली, नव्या ग्लासात पिवळं भरलं आणि काळ्या दोऱ्याची बाटली चमच्यावरून अलगद ओतली. "हा कौल आमच्या शेळीचा!" काळं झकास तरंगलं. अख्खा पार खदखदला.

मी सगळं फोडून सांगितलं: हलकी बिअर जडवर तरंगते, जड असली तर खाली जाऊन मिसळते. कुणाला कुठली ओतायची, ते बाबा ठरवतो. सरांनी सगळ्यांपुढं बोरू दोन्ही काळ्यांत सोडून दाखवला.

"दिस मावळायला आलाय बाबा," पाटील म्हणाले. "तुमचाच कायदा हाय."

बाबा झोळी उचलून निघाला तेव्हा समोरून आत्या घागर घेऊन येत होती. ती बाजूला झाली नाही. त्यालाच काट्यांतून जावं लागलं. मला काय गार वाटलं म्हणून सांगू!

माणसाचं पाप ग्लासात दिसत नाही. पुन्हा कुणी दाखवलं, तर हात जोडण्याआधी बाटली मागून घ्या.